जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत बाल्टिक समुद्रातल्या क्रूझवर पानभर लेख वाचला. जहाजावरचे जेवण, पोहण्याचा तलाव, खोलीची बाल्कनी, रात्रीचे कार्यक्रम, सगळे साग्रसंगीत होते. ‘कोपनहेगनला जहाजात बसायचे आणि स्टॉकहोमला उतरायचे’ हे मात्र एका ओळीत उरकले होते. मी आणि सौ. जून २०२४ मध्ये हीच सफर करून आलो. खरी मेख त्या एका ओळीत आहे आणि तिच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे, तरी काटछाट न करता छापावे ही विनंती.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. चौतीस वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची अकरा सातारा स्थानकावर. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला माणसे दिवसभर एकच प्रश्न विचारतात, ‘पुढची गाडी मिळेल ना?’ पुण्याहून येणारी गाडी खंबाटकी घाटात अडकली की इकडे बामणोलीची मुक्कामी गाडी निघून जायची. मग लेकराबाळांसह एखादे कुटुंब रात्रभर फलाटावरच्या बाकावर. असे काही डोळ्यांसमोर घडले की घरी जाऊन घास गोड लागत नसे. गाडी वेळेवर आहे का, हे नंतर. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ किती आहे, हे आधी बघायचे, ही सवय तेव्हापासून अंगात मुरली आहे.

निवृत्तीनंतर सौ.ची एकच मागणी होती. मोठ्या जहाजातून एकदा समुद्र बघायचा. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज हॉटेल बदलणारी, रोज बॅगा भरायला लावणारी सहल आम्हाला जमणारी नव्हती. जहाजात खोली एकच राहते आणि गावे आपल्याकडे येतात, हे पटले. पुण्यातल्या एका सहल कंपनीकडे नोंदणी केली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे चारपाच कंपन्यांची पत्रके गोळा करून पाहिली आणि सगळीकडे तोच प्रकार दिसला.

कंपनीचा कार्यक्रम हातात आला तो असा. पहिल्या दिवशी दोहामार्गे दुपारी कोपनहेगनला विमान उतरणार आणि त्याच संध्याकाळी जहाज सुटणार. शेवटच्या दिवशी ‘सकाळी स्टॉकहोम येथे जहाजावरून उतरून विमानतळाकडे प्रस्थान’, विमान साडेअकराचे. ते युरोपातल्याच दुसऱ्या एका शहराला जाणार, तिथून पुढे मुंबई. हॉटेलचा खर्च एका रात्रीचाही नाही, हे कंपनीने ठळक अक्षरात छापले होते. आमचा फायदा म्हणून.

मी जहाज कंपनीचा मूळ कागद मागवून घेतला. त्यावर शेवटच्या बंदराचे नाव होते ‘स्टॉकहोम (न्यूनेसहाम्न)’. कंसातले ते नाव कार्यक्रमपत्रिकेत कुठेही नव्हते. नकाशा उघडला. न्यूनेसहाम्न हे स्टॉकहोमच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवरचे वेगळे गाव आहे. मोठी जहाजे पुष्कळदा तिथेच थांबतात, कारण शहराकडे जाणारी वाट बेटाबेटांमधून वळणे घेत जाते आणि सगळ्यात मोठ्या जहाजांना ती सोयीची नाही. आणि आर्लांडा विमानतळ स्टॉकहोमच्या उत्तरेला, चाळीस किलोमीटरवर. म्हणजे शहर मध्ये, जहाज एका टोकाला आणि विमान दुसऱ्या. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ‘साताऱ्याला उतरा’ असे सांगून कराडला उतरवायचे आणि पुढची गाडी वाईहून पकडायला सांगायची. अंतरेही जवळपास तशीच आहेत.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती, उद्धट नव्हती. म्हणाली, “काका, ते स्टॉकहोमच आहे. सगळे असेच जातात.” मी तिला नकाशा उघडायला लावला आणि हिशेब सांगितला. जहाज सहा-सातला लागते. दोन-अडीच हजार माणसे उतरायची असतात, ती गटागटाने सोडतात. आठला बाहेर पडलो असे धरू. शंभर किलोमीटरचा रस्ता, सकाळची कामावर जाणारी वाहतूक, शहर ओलांडून पलीकडे. विमानतळावर सामान देण्याची खिडकी विमानाच्या तासभर आधी बंद होते. कागदावर हे बसते. पण जहाजाला धुक्यामुळे अर्धा तास उशीर झाला, की पुढचे सगळे कोलमडते. आणि साडेअकराचे विमान चुकले की मुंबईचेही चुकले. मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “काका, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” तिचा दोष नव्हता. तिला जो तक्ता दिला होता त्यात स्टॉकहोम एवढेच लिहिले होते.

आम्ही तिकिटे बदलून घेतली. दोघांचे मिळून एकवीस हजार रुपये जादा गेले. कोपनहेगनला दोन दिवस आधी पोचायचे ठरवले आणि स्टॉकहोमला दोन रात्री राहायचे. चार रात्रींच्या हॉटेलचे पैसे वेगळे. मुलगा म्हणाला, “बाबा, एवढा खर्च दोन तासांच्या भीतीपोटी?” मी म्हटले, भीती नाही, हिशेब आहे.

व्हिसाबद्दल इथेच सांगतो, कारण क्रम चुकला तर पुढे निस्तरत बसावे लागते. हॉटेलच्या रात्री आधी ठरवा, मग व्हिसाचा अर्ज करा. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येते त्या युरोपीय देशांचा, नियम असा की ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील, तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. आमच्या दोन रात्री डेन्मार्कमध्ये आणि दोन स्वीडनमध्ये, म्हणून अर्ज डेन्मार्ककडे गेला. उद्या कोणी अर्ज दिल्यावर स्टॉकहोमला आणखी दोन रात्री वाढवल्या, तर सगळा हिशेब फिरतो. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो या वाढीव दिवसांसकट पूर्ण मुक्कामाचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही मार्चमध्ये केला तेव्हा शुल्क ८० युरो होते, ११ जून २०२४ पासून ते ९० झाले. आम्ही कोपनहेगनला उतरलो तो नेमका हाच दिवस.

आता त्या दिवसाचेच सांगतो. कास्ट्रुप विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी उभे होतो. सौ.ने दोन्ही बॅगांच्या मुठींना जुन्या लाल साडीच्या काठाची चिंधी बांधली होती, लांबून ओळखू यावी म्हणून. माझी बॅग आली. तिची येईना. पट्टा फिरत राहिला, माणसे कमी होत गेली, शेवटी एक लहान मुलांची गाडी आणि एक खोके एवढेच फिरत राहिले. मग पट्टा थांबला. तिने माझा हात घट्ट धरला. त्या बॅगेत तिचे गुडघ्याचे पट्टे, मऊ तळव्याचे बूट आणि सगळे गरम कपडे होते. गोळ्या तेवढ्या हातातल्या पिशवीत होत्या.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी अर्ज भरून घेतला आणि विचारले, उद्या तुम्ही कुठे असाल? मी हॉटेलचा पत्ता दिला. त्यांनी पुन्हा विचारले, परवा सकाळी? मी म्हटले, तिथेच. त्या बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाल्या, मग काळजी करू नका. आमच्याआधी रांगेत एक जोडपे होते, त्यांना त्याच संध्याकाळी जहाज गाठायचे होते. त्यांचे सामान जहाजामागून बंदरोबंदरी पाठवावे लागणार होते. ती बाई त्यांना समजावून सांगत होती आणि त्या गृहस्थांच्या कपाळावर घाम आला होता. मूळ कार्यक्रम पाळला असता, तर त्यांच्या जागी आम्ही असतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता हॉटेलच्या स्वागतकक्षातून फोन आला. मी खाली गेलो. बॅग उभी होती, लाल चिंधी तशीच. सौ.ने खोलीत बॅग उघडून आधी गुडघ्याचे पट्टे काढले आणि बांधले. मग म्हणाली, “अहो, आता मी जहाजात चढते.” खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड होता. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेचारच्या आत उगवतो. जाड पडदे आहेत का, हे हॉटेल ठरवताना विचारून घ्या. साडेतीन तासांचा वेळेचा फरक आणि त्यात हा उजेड, पहिल्या रात्री आमचा डोळ्याला डोळा लागला नाही. तसेच थेट जहाजात चढलो असतो, तर पहिले बंदर झोपेतच गेले असते.

कोपनहेगनमध्ये विमानतळ ते शहर हा प्रश्नच नाही. आगगाडीने मुख्य स्थानकापर्यंत पाव तास. मेट्रोही तेवढ्याच वेळात शहराच्या मध्यात नेते, तीही विनाचालक आणि दिवसरात्र चालणारी. आम्ही मुख्य स्थानकाजवळ राहिलो. मला तिथल्या फलकाखाली उभे राहून गाड्या बघायला मिळाल्या, हा माझा स्वतःचा आनंद. १९११ सालचे लाकडी कमानींचे स्थानक आहे. तिथून समुद्रावरचा पूल ओलांडून स्वीडनला जाणारी गाडी सारखी सुटत असते. फलाट बदलला की फलकावर लगेच दिसतो, आणि माणसे धावत नाहीत. मी एक तास उभा होतो. सौ. बाकावर बसून भडंग खात होती. कंदी पेढे मात्र घरीच ठेवून यावे लागले, कारण बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत. साताऱ्याच्या माणसाने हे आधी ध्यानात ठेवावे. पेढ्याचा पुडा विमानतळावर टाकून द्यायची वेळ येऊ नये.

खरा गोंधळ शहर ते जहाज या टप्प्यावर होतो. कोपनहेगनमध्ये क्रूझची जहाजे एका जागी लागत नाहीत. लांगेलिनीचा धक्का जलपरीच्या पुतळ्याजवळ आहे. तो १९१३ सालचा पुतळा आणि त्याच्या मागे पांढरे जहाज, हे छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेले असते. पण मोठी जहाजे बहुधा त्याच्याही पुढे, नॉर्डहाव्हन या बंदरभागाच्या टोकाला ओशनकाई नावाच्या धक्क्याला लागतात. आमच्या जहाजावर भेटलेले इंदूरचे एक कुटुंब, आजी-आजोबा आणि दोन नातवंडांसह, टॅक्सीने लांगेलिनीला गेले. तिथे एक जहाज उभे होते. सामान उतरवले, टॅक्सी सोडली, रांगेत उभे राहिले, आणि मग कळले की हे जहाज दुसऱ्याच कंपनीचे. त्यांच्या कागदावरही ‘कोपनहेगन’ एवढेच लिहिले होते. आजी मला सांगत होत्या तेव्हाही त्यांचा आवाज कापत होता.

ओशनकाईला जायला मुख्य स्थानकातून मेट्रोची चौथी मार्गिका ओरिएंटकाईपर्यंत थेट जाते. पुढचा तुकडा मात्र सामान ओढत चालण्यासारखा नाही, तिथे वारा अंगावर येतो. बसने जाता येते. आम्ही हॉटेलपासून टॅक्सी केली. दोन माणसे, दोन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे असतील, तर तिथे पैसे वाचवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तरुणांनी खुशाल मेट्रोने जावे. चालकाला ‘क्रूझ’ असे सांगून भागत नाही. धक्क्याचे नाव आणि जहाजाचे नाव कागदावर लिहून दाखवावे.

जहाजाबद्दल मी काही लिहीत नाही, तुमच्या लेखात ते आलेच आहे. एवढेच सांगतो की पूर्वी या मार्गावर सेंट पीटर्सबर्ग हे मुख्य आकर्षण असायचे. २०२२ पासून क्रूझची जहाजे तिकडे जात नाहीत. जुन्या माहितीवर विसंबून कोणी रशियाच्या आशेने नोंदणी करू नये. आणि घड्याळ सांभाळा. एस्टोनियातले टालिन आणि फिनलंडमधले हेलसिंकी यांची वेळ डेन्मार्क-स्वीडनच्या एक तास पुढे आहे. जहाजाची वेळ, बंदराची वेळ आणि खिशातल्या फोनची वेळ दरवेळी जुळेलच असे नाही. मी हातातले घड्याळ रोज जहाजाच्या वेळेला लावत होतो आणि फोनकडे बघतच नव्हतो.

शेवटच्या रात्रीचे दृश्य मी विसरणार नाही. बॅगांना रंगीत पट्ट्या लावून त्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी धक्क्यावर रंगाप्रमाणे मांडलेल्या मिळतात. जेवायला आमच्या टेबलावर नाशिकचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी रोज असत. त्यांचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे. वहिनींनी ताटाला हात लावला नाही. तिकिटांची फाईल मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या, मधूनच उघडत होत्या, मधूनच बंद करत होत्या. मी त्यांना दोन गोष्टी सुचवल्या. बॅगा बाहेर न ठेवता सकाळी स्वतः घेऊन उतरा, म्हणजे पहिल्या तुकडीत सोडतात. आणि विमानतळाला जाणारी जहाजाचीच बस आजच्या आज नोंदवा, ती थेट धक्क्यावरून सुटते. त्या रात्री मी नीट झोपलो नाही. साताऱ्याच्या फलाटावरची ती कुटुंबे पुन्हा आठवत होती.

त्यांना विमान मिळाले. नंतर फोनवर बोलणे झाले. सामानाची खिडकी बंद व्हायला काही मिनिटे असताना ते पोचले. स्टॉकहोमचे म्हणाल तर बसच्या खिडकीतून एक पूल दिसला, एवढेच. दोघांनी आयुष्यभर साठवलेले पैसे खर्चून केलेली सफर आणि तिचा शेवटचा दिवस असा गेला. मला याचे फार वाईट वाटते. त्यांना कोणी आधी नीट सांगितले असते, तर त्यांनी एक रात्र नक्की वाढवली असती. परवडत नव्हते असे मुळीच नाही.

आम्ही सावकाश साडेनऊला उतरलो. न्यूनेसहाम्नचे रेल्वे स्थानक बंदरापासून चालत जाण्याजोगे आहे. तिथून ४३ क्रमांकाची लोकल थेट स्टॉकहोमला येते, साधारण एक तास लागतो. वेगळे तिकीट काढावे लागत नाही. बँकेचे कार्ड फाटकावर टेकवायचे, चाळीसेक क्रोना जातात आणि त्यावर ७५ मिनिटे शहरातली मेट्रो, बस, ट्राम सगळे चालते. क्रोना म्हणजे तेव्हा साधारण आठ रुपये. डेन्मार्कचा क्रोनर वेगळा, तो बारा रुपयांच्या आसपास. या दोन्ही देशांत युरो चालत नाही, फिनलंड आणि एस्टोनियात चालतो. रोख पैसे मात्र जवळ बाळगू नका. स्टॉकहोममध्ये कॉफीच्या दुकानावरही ‘रोख घेत नाही’ अशी पाटी असते.

गाडी सुरुवातीला पाण्याच्या कडेने आणि मग झाडीतून जाते. सौ. खिडकीशी बसली होती. मध्ये एका स्थानकावर शाळकरी मुले चढली. त्यांच्या हातांत रानफुलांचे गुच्छ होते. का, ते दुसऱ्या दिवशी कळले.

हॉटेल पुन्हा मुख्य स्थानकाजवळच घेतले होते. यावर थोडे थांबून सांगतो. सगळे जण जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये राहायला सांगतात. ते सुंदर आहेच. पण तिथल्या गल्ल्या खडबडीत दगडांच्या आहेत, बॅगेची चाके अडकतात आणि पुष्कळ जुन्या इमारतींना उद्वाहन नाही. जहाजाच्या आधी आणि नंतर राहायचे असेल, तर मुक्काम वाहतुकीच्या सांध्यावर करावा आणि सुंदर गल्ल्यांत फिरायला जावे. मोकळ्या हातांनी. स्टॉकहोमच्या मुख्य स्थानकातून विमानतळाची जलद गाडी वीस मिनिटांत पोचते, पण महाग आहे. शेजारच्या बस स्थानकातून सुटणारी बस पाऊण तास घेते आणि बरीच स्वस्त पडते. आम्ही बसने गेलो. घाई नव्हती.

पोचलो त्या गुरुवारी दुपारी वासा जहाज पाहिले. १६२८ साली पहिल्याच फेरीला बंदरातच कलंडून बुडालेले आणि १९६१ साली वर काढलेले अख्खे लाकडी जहाज. वरचा भार जास्त आणि तळातले वजन कमी पडले, म्हणून वाऱ्याच्या झोताने आडवे झाले. तासभर बघत राहिलो तरी पाय निघत नव्हता.

दुसरा दिवस शुक्रवार, २१ जून. स्वीडनमध्ये त्या दिवशी मिडसमर या उन्हाळ्याच्या सणाची पूर्वसंध्या असते. दुकाने लवकर बंद होतात, पुष्कळशी उघडतच नाहीत. अर्धे शहर खेड्याकडे जाते. हॉटेलवाल्याने गुरुवारीच बजावले होते, लागेल ते आज आणून ठेवा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. १९ ते २५ जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी हा दिवस येतो. आणि त्या वर्षी त्याच दिवशी वटपौर्णिमा होती.

सौ.ने लग्नानंतर एकही वटपौर्णिमा चुकवलेली नाही. सकाळी अंघोळ करून तिने हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीने वड काढला. पारंब्या अगदी मन लावून काढल्या. साताऱ्याहून सुताचे रीळ आणले होते. कागद उभा करून त्याला सात वेढे दिले, हळदकुंकू वाहिले. उपास होता. मी खाली जाऊन उघडे दुकान शोधत होतो, तेव्हा एका कोपऱ्यावर स्ट्रॉबेरीची हातगाडी दिसली. तिकडे या सणाला स्ट्रॉबेरी लागतेच. आम्ही महाबळेश्वरच्या पायथ्याची माणसे, तरी इतकी गोड स्ट्रॉबेरी जूनमध्ये कधी खाल्ली नव्हती. तोच तिचा फराळ झाला.

दुपारी सात नंबरच्या ट्रामने स्कान्सेनला गेलो. १८९१ पासूनचे हे उघड्यावरचे संग्रहालय आहे, देशभरातली जुनी घरे तिथे आणून उभी केली आहेत. मैदानात पानाफुलांनी मढवलेला मोठा खांब आडवा ठेवला होता. पुरुषांनी मिळून तो उभा केला. मग बायका, मुले, म्हातारी माणसे, सगळी हात धरून त्याच्याभोवती फेर धरून नाचायला लागली. डोक्यावर त्या रानफुलांचे मुकुट. सौ. माझ्या शेजारी उभी होती, पदर खोचून, पायात ते मऊ बूट. एका लहान मुलीने येऊन तिचा हात धरला आणि तिला फेरात नेले. गुडघे दुखतात म्हणून ती हळूहळू चालत होती, आणि सगळा फेर तिच्यासाठी हळू झाला. मी मोजले नाही, पण तिने सांगितले की सात फेरे पूर्ण झाले.

संपादक महाराज, सहल कंपनीने आमच्या ‘फायद्या’साठी वाचवलेला दिवस तो हा होता.

माझी मागणी मोठी नाही. कंपन्यांनी पत्रकात शहराचे नाव छापताना धक्क्याचे नाव, तिथून विमानतळाचे अंतर आणि लागणारा वेळ छापावा. जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचवणारा कार्यक्रम विकू नये. कोणाला त्याच दिवशी परतायचेच असेल, तर दुपारी तीनच्या आधीचे विमान देऊ नये. आणि आपल्या वृत्तपत्राने अशा सहलींच्या जाहिराती घेताना निदान पुरवणीतल्या लेखात तरी हा मजकूर द्यावा. आपला वाचक इंग्रजी बारीक अक्षरे वाचणारा नाही. तो साठी ओलांडलेला आहे, आयुष्यात एकदा जाणार आहे आणि मराठी पेपरवर भरवसा ठेवून पैसे भरणार आहे.

नॉर्वेतही हे ठिकाणागणिक बघून घ्यावे. ऑस्लोचा विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरवर आहे, पण गाडीने वीस-बावीस मिनिटांत शहरात येता येते आणि जहाजे किल्ल्याच्या पायथ्याशी लागतात, तिथे फार अडचण नाही. बर्गनला विमानतळावरून ट्राम आहे, पाऊण तास लागतो. पण ऑस्लोहून बर्गनला डोंगरातल्या रेल्वेने जायची हौस असेल, तर तो जवळजवळ सात तासांचा प्रवास आहे. त्याच दिवशी जहाज गाठायचा विचारही करू नये. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून सुटणारी नॉर्वेची क्रूझ घेणाऱ्यांना ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, हेही कंपन्या शेवटी सांगतात.

माझा पुतण्या आणि सूनबाई पुढच्या उन्हाळ्यात बर्गनहून जहाजाने उत्तरेला जायचे म्हणतात. परवा तो कंपनीचा कार्यक्रम घेऊन घरी आला. ‘काका, एकदा नजर टाका.’ पहिल्या दिवसासमोर लिहिले आहे, ‘बर्गन येथून जहाज’. बर्गनमध्ये शहराच्या एका बाजूला स्कोल्टनचा धक्का आहे आणि दुसऱ्या बाजूला नोस्टेटचा. मी त्या ओळीसमोर लाल पेनने ‘कोणता धक्का?’ असे लिहून कागद परत पाठवला आहे. आज नऊ दिवस झाले, उत्तर आलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सातारा